खालची अर्धी वाट

तिला सगळे भिंगरी म्हणत. तोंडावर भिंगरीमावशी, पाठीमागे नुसतीच भिंगरी. चहा ती उभ्यानेच प्यायची, जेवताना दोनदा तरी उठायची, आणि कोणाकडे दुखवट्याला जाऊन बसली तरी तिची नजर त्यांच्या छताची जळमटं शोधत फिरायची. लग्नाच्या फोटोतसुद्धा ती हललेली आली आहे. तिचा नवरा शिंपी. तो आल्यागेल्याला तो फोटो दाखवून म्हणायचा, "हा मी. आणि शेजारी हे जे धुकं दिसतंय ना, ते आमचं कुटुंब."

गाव वर, तळं खाली, आणि मधे दोन हजार पावलांची उतरती वाट. तळ्याचं पाणी एवढं नितळ की कंबरभर पाण्यात उभं राहून आपल्या पायाची नखं मोजावीत. ते बघायला लांबून लांबून लोक यायचे, त्यांना गावात पाहुणे म्हणत. पूर्वी वाटेल तेवढे यायचे. मग एका उन्हाळ्यात तळ्यातून पोतीच्या पोती बाटल्या निघाल्या, तेव्हा गावाचे डोळे उघडले. कोणी बाहेरचा साहेब येऊन शिकवून गेला नाही हं! गावातले सगळे शाळेच्या वर्गात पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले, दोन दिवस कडाकडा भांडले, आणि नियम झाला: दिवसाला साठ पाहुणे, एकसष्टावा नाही. फाटकाशी साठ लाकडी बिल्ले टांगले. बिल्ला घ्यायचा, खाली उतरायचं, आपला कचरा आपण वर आणायचा, बिल्ला परत खुंटीला लावायचा. बिल्ले संपले की फाटक बंद, मग तुम्ही कुठल्या का राज्याचे राजे असा.

वाट सांभाळायला दोन माणसं नेमली. गावापासून मधल्या खडकापर्यंतची वरची अर्धी निवांतरावाकडे, आणि खडकापासून तळ्यापर्यंतची खालची अर्धी भिंगरीकडे. निवांतराव हेही गावानेच ठेवलेलं नाव. हा गृहस्थ सकाळी खडकावर येऊन टेकायचा, टोपी डोळ्यांवर ओढायचा, आणि वाटेवर आडवं झाड पडलं तरच उठायचा. तेही झाड मोठं असेल तर. त्याच्या भागात पानांचा हा एवढा थर, दगडांच्या फटीत गवत, मुळं आडवीतिडवी. भिंगरी तिथून जाताना नाक मुरडून मोठ्याने म्हणायची, "काही माणसं जन्माला येतात तीच टेकायला." टोपीखालून उत्तर यायचं, "तुम्हीही टेका ताई. दगड मोठा आहे."

आणि तिची अर्धी वाट? विचारू नका! फाटकावरचा पहिला बिल्ला निघायच्या आत ती खाली पोचलेली असायची. आधी खराट्याने पानं, मग मऊ झाडूने माती. गवताचं पातं दिसलं की उपटलं, मूळ आडवं आलं की कोयत्याने उडवलं. वीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. अंगात ताप असला तरी खराटा टेकत टेकत जायची. पाहुणे म्हणायचे, "मावशी, आमच्या घरातसुद्धा इतकं स्वच्छ नसतं हो!" हे ऐकलं की बाई दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी निघायची.

या झाडण्यामागे एक कारण होतं, आणि ते कारण घरी शिलाई मशीनपाशी बसलेलं असायचं. शिंपी आधी शिंपी नव्हता. तो पाहुण्यांना तळ्यावर न्यायचा, त्यांची ओझी उचलायचा, गप्पा मारून त्यांना हसवायचा. एका दुपारी खालच्या वाटेवर तिसऱ्या वळणाला तो पडला, आणि मांडीचं हाड असं मोडलं की उजवा पाय पुन्हा कधी सरळ झाला नाही. "ओल्या पानांवरून घसरलो," एवढंच तो म्हणाला. भिंगरीच्या काळजात ते रुतून बसलं. कारण त्याच दिवशी सकाळी ती त्या वळणावरून गेली होती. पानं साचलेली तिने बघितली होती, कोणीतरी झाडायला हवीत असं मनात म्हणाली होती, आणि तशीच पुढे गेली होती. हे तिने जिवात जीव असेतो कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं. वाटेवर माणसं नेमायची वेळ आली तेव्हा सगळ्यांच्या आधी हात तिने वर केला. खराटा हातात घेतला तो घेतला. नवरा हाताने फिरवायच्या मशीनवर कपडे शिवायला शिकला, आणि बायको वारा प्यायल्यासारखी वाटेवर धावायला लागली.

गेल्या तीनचार वर्षांत तळं बिघडलं. पाऊस झाला की पाणी गढूळ. आधी दोन दिवसांत निवळायचं, मग आठ दिवस लागायला लागले, मग पंधरा दिवस झाले तरी पाण्याला चहाचा रंग. पाहुणे काठावर उभे राहून तोंड वाकडं करायला लागले. भिंगरीची झोप उडाली. दोष कोणाचा याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"बूट!" ती म्हणायची. "ते खिळ्याखिळ्यांचे बूट घालून साठ माणसं रोज माझी वाट उकरतात. साठाचे तीस करा. आत्ताच्या आत्ता करा."

सुनेच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. मुलगा बाहेरगावी नोकरीला, आणि सुनेने घराच्या मागच्या अंगाला पाहुण्यांसाठी तीन खोल्या बांधून घेतलेल्या. भिंतींना चुना तिने स्वतः लावलेला, पडदे सासऱ्याने शिवलेले.

"आई, तीस म्हणजे माझ्या दोन खोल्या रिकाम्या. मी त्या साठांच्या जिवावर काढल्यात."

"पाणीच राहिलं नाही तर तुझ्या खोल्यांत लोक काय भिंती बघायला येणार?"

"आणि लोकच आले नाहीत तर तुमच्या झाडलेल्या वाटेवरून कोण, मांजरं जाणार?"

अशी जुंपली की शिंपी "माझी सुई कुठे गेली?" म्हणत कपाटात डोकं घालायचा. बोटात सुई असायची.

गावच्या समितीचं काम मास्तरीणबाई बघायच्या. शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज निवृत्त झाला नव्हता. गेल्या वर्षीच्या सभेत सासूसुनेचं भांडण टिपेला गेलं तेव्हा बाईंनी टेबलावर हात आपटला. "अंदाजाने भांडू नका. मोजा!" मग वाटेच्या दोन्ही कडांना दर शंभर पावलांवर लोखंडी खुंट्यांची जोडी ठोकली. दहा जोड्या वरच्या भागात, दहा खालच्या. दोन खुंट्यांमधे दोरी ताणायची, आणि जमीन दोरीच्या किती खाली आहे ते मोजायचं. त्या दिवशीचे आकडे लिहून ठेवले. वर्षाने पुन्हा मोजायचं, आणि दोन्हीकडे चार बोटांहून जास्त खचलेली निघाली तर बूटच दोषी, पाहुणे निम्मे.

"आणि हेही लिहा बाई," भिंगरी म्हणाली. उभी होतीच, उठायचा प्रश्न नव्हता. "ज्याच्यामुळे वाट खचली असं निघेल, त्याने वर्षभर खाली पाऊल टाकायचं नाही. मग तो कोणी का असेना."

बाईंनी लिहिलं. बोललेलं सगळं लिहून घ्यायची त्यांना खोड होती.

वर्ष सरलं. मोजायचं कोणी? भिंगरी म्हणाली, दोन्ही अर्ध्या मीच मोजणार. निवांतरावावर सोडलं तर तो पडल्या पडल्या आकडे सांगेल. सभा दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला होती. ती दोरी, कागद आणि पेन्सिल घेऊन उजाडताच निघाली आणि थेट तळ्याशी जाऊन खालून मोजायला लागली.

पहिल्या जोडीला पाच बोटं. दुसरीला सहा. तिसऱ्या वळणापाशी तिने हात उभा धरला तर अख्खी वीत! खोटं कशाला बोलू, त्या क्षणी तिला आनंद झाला. वाट खचल्याचं दुःख होतं, पण आपलं खरं ठरल्याचा आनंद त्याहून मोठा होता. "आता बोला!" ती तिथल्या झाडांनाच म्हणाली. खालच्या दहाही जोड्या लिहून ती खडकावर आली. वरची अर्धी जास्त उभ्या उताराची, शिवाय त्या ऐद्याच्या ताब्यात. तिथे तर वाट गुडघाभर खचलेली असणार!

अर्धं बोट.

तिने दोरी सोडून पुन्हा बांधली. अर्धंच बोट. पुढची जोडी, एक बोट. त्यापुढची, काही नाही. तशी ती गावाच्या फाटकापर्यंत गेली, आणि तिथून उलटी मोजत परत खडकापर्यंत आली. आकडे हलेनात. बूट तेच, माणसं तीच, पाऊस तोच.

निवांतराव टोपीखाली होता. ती त्याच्या डोक्याशी जाऊन उभी राहिली. "खुंट्या कोणी खाली ठोकल्या? तुम्ही ठोकल्यात ना?"

"ठोकायला उठावं लागतं ताई," तो म्हणाला.

हे खरं होतं. तिचा चेहरा बघून तो चक्क उठून बसला, काठीच्या टोकाने त्याने वाटेवरची पानं बाजूला सारली. खाली ओलसर काळी माती, तिच्यात मुळांची जाळी, गांडुळं. "पाऊस पडतो तो आधी पानांवर पडतो," तो सावकाश म्हणाला. "मग हळूहळू जिरतो. मुळं माती धरून ठेवतात. तुमच्याकडे पान नाही, मूळ नाही, गवत नाही. पाऊस उघड्या मातीवर पडतो आणि तिला घेऊन तळ्यात जातो. तुम्ही रोज माती मोकळी करून ठेवता, तो रोज नेतो."

"मग आधी सांगायला तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"सांगितलं होतं की. दहाएक वर्षं झाली. तुम्ही म्हणालात, आळशाला सबबीला काय तोटा."

म्हणाली होती. तिला आठवलं, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"तुम्हाला काय लिहायचं ते लिहा," तो पुन्हा आडवा होत म्हणाला. "माझ्याही भागाला वीत लावा. मी काही सभेला येत नाही. ती बाकं फार अरुंद आहेत."

आता बघा कशी अडचण! वरच्या दहा जोड्यांपुढे कागद कोरा होता. तिथे पाच-सहा-सात लिहिलं की काम फत्ते. दोष बुटांचा, पाहुणे निम्मे, सुनेच्या दोन खोल्या रिकाम्या, आणि खराटा हिच्या हातात. खरं लिहिलं तर वीस वर्षांचा खराटा हिच्याच पाठीत. शिवाय तो ठराव, 'कोणी का असेना'. तिने कागद कोरा तसाच घडी करून मुठीत धरला आणि घरी आली.

दुपारभर तिने घर डोक्यावर घेतलं. अंगण झाडलं, पुन्हा झाडलं. झाडता झाडता खालच्या मातीकडे बघितलं आणि झाडू फेकून दिला. मग कपाट सरकवलं. कपाट आधीच बरोबर जागी होतं, म्हणून परत सरकवलं. तेवढ्यात सून धुतलेल्या चादरी घेऊन आली.

"मोजलंत आई? किती निघालं?"

"उद्या कळेल."

सून चादरीच्या घड्या घालत राहिली. भांडायच्या तयारीने आली नव्हती, हे तिच्या हातांवरूनच कळत होतं. "मी काल विचार केला," ती म्हणाली. "तीस झाले तर झाले. पाणी तुम्ही माझ्याहून जास्त वर्षं बघताय. तुमच्या हाताला खोट नसते, हे मला ठाऊक आहे. एक खोली मी तुम्हा दोघांना देईन, कडेची. तिथे ऊन चांगलं येतं, बाबांच्या पायाला बरं पडेल."

त्यापेक्षा तिने चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. भिंगरीला एकाएकी तिथे उभं राहवेना. ती पुढच्या खोलीत गेली. शिंपी कोणाच्यातरी कोटाचं अस्तर शिवत होता, मशीनचं चाक हाताने फिरत होतं. तिने कागद त्याच्यापुढे आपटला आणि सगळं सांगून टाकलं, एका दमात. पाच बोटं, सहा बोटं, वीत, आणि वर अर्धं बोट.

"मी बुडवलं तळं," ती म्हणाली. "मी! आणि कोणासाठी झाडत होते मी? तुमच्यासाठी. त्या दिवशी सकाळी मी ती पानं बघितली होती. झाडायला हवीत असं मनात आलं होतं माझ्या. नाही झाडली. तुमचा पाय माझ्यामुळे गेला, म्हणून झाडत होते."

चाक थांबलं. शिंप्याने सुई वर घेतली, कापड काढलं, त्याची घडी केली. तिला वाटलं, आता हा आपल्याला काहीतरी भयंकर बोलणार.

"पानं नव्हती गं," तो म्हणाला.

"काय?"

"म्हणजे असतील कडेला. मी पानांवरून नाही पडलो. दोन तरणे पाहुणे होते, त्यांच्याशी पैज लागली, तळ्याशी आधी कोण पोचतो. मी वळण चुकवायला वरच्या कठड्यावरून उडी मारली." त्याने मान वर केली नाही. "कोरडं ठणठणीत होतं."

ती एक पाऊल पुढे आली.

"काय सांगणार होतो मी? चाळिशीला आलेला बाप्या, पैज लावून उड्या मारत होता म्हणून? पानं म्हणालो. तोंडातून गेलं. मग तू झाडायला लागलीस. लोक कौतुक करायला लागले. म्हटलं सांगू उद्या, परवा. मग इतकी वर्षं झाली की सांगायला तोंडच उरलं नाही. तू माझ्यासाठी झाडतेस, हे मला माहीत नव्हतं गं. देवाशप्पथ. मला वाटायचं, तुला आवडतं."

कोपऱ्यात खराटा होता. तिने तो उचलला तेव्हा शिंप्याने डोळे मिटून पाठ पुढे केली. पण ती त्याला ओलांडून बाहेर गेली, खराटा भिंतीशी टाकला आणि पायरीवर उभी राहिली. तिला हसू आलं, मग रडू आलं, आणि दोन्हीचा भयंकर राग आला. वीस वर्षं! थंडीत, तापात, कंबर मोडून. आणि एवढ्या सगळ्याच्या मुळाशी काय, तर एका माणसाला आपण मूर्खपणा केला हे म्हणायची लाज वाटली. त्याने ते खोटं कोणाचं वाईट करायला सांगितलं नव्हतं. एक साधं वाक्य, आणि त्याने वीतभर वाट खाल्ली, आख्खं तळं गढूळ केलं. आणि आत मशीनपाशी टाकलेल्या कागदावर तर दहा जागा अजून कोऱ्या होत्या.

तिने आत जाऊन पेन्सिल घेतली. अर्धं बोट. एक बोट. काही नाही. उभ्याउभ्याच लिहिलं. शिंपी काही बोलायला गेला तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही आज माझ्याशी बोलू नका. उद्याही नको." पुढचे अकरा दिवस तो नियम चालला.

सभेत तिने कागद बाईंकडे दिला नाही, स्वतः वाचला. खालचे आकडे वाचले तेव्हा मागच्या बाकांवर "बूट, बूट" अशी कुजबुज झाली. सुनेने मान खाली घातली. मग तिने वरचे आकडे वाचले, आणि सुनेची मान झटकन वर आली.

"म्हणजे," बाई चष्मा काढत म्हणाल्या, "बूट दोन्हीकडे तेच आहेत. मग..."

"मग खराटा," भिंगरी म्हणाली. "वर खराटा नाही, तिथे वाट धड आहे. खाली मी आहे, तिथे नाही. साठ पाहुणे राहू देत. त्यांचा काही दोष नाही."

"अति तिथे माती," मागून कोणीतरी म्हणालं, आणि चारपाच जण खदाखदा हसले. तर सून ताडकन उठली. "हसू नका! वीस वर्षांत तुमच्यापैकी एकजण तरी खाली गेला होता का झाडायला? चुकलं असेल त्यांचं. पण मोजायला त्या गेल्या, आणि खरं सांगायला त्याच उभ्या राहिल्या. तुमच्यातल्या कोणी सांगितलं असतं?"

बाईंनी वही उघडली, तो ठराव वाचला, आणि बंद केली. "हे आपण बाहेरच्यांसाठी लिहिलं होतं," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "खराटा बंद केला म्हणजे झालं. हे राहू दे."

"कोणी का असेना असं लिहिलंय ना?" भिंगरी म्हणाली. "मग झालं तर. आज मी ठराव मोडला, तर उद्या कोणता पाहुणा पाळेल?" तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "आणि खरं सांगू का बाई, मी खाली गेले ना, तर माझे हात ऐकणार नाहीत."

अशा रीतीने दोन्ही अर्ध्या वाटा निवांतरावाच्या राखणीत गेल्या. म्हणजे कोणाच्याच नाही म्हणा! आणि भिंगरीला फाटक दिलं. बाकावर बसायचं, बिल्ले द्यायचे, बिल्ले घ्यायचे. ज्या बाईने आयुष्यात चहा बसून प्यायला नाही, तिला सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाक. पहिल्या आठवड्यात तिने साठही बिल्ले तीनदा पुसले, खुंट्या घासल्या, फाटकाला तेल घातलं. पाय आपोआप उतरणीकडे वळायचे, तेव्हा ती फाटकाची दांडी धरून उभी राहायची. निवांतराव वर यायचा, तिची तगमग बघायचा आणि शिकवण्या द्यायचा. "नुसतं बूड टेकून भागत नाही ताई. खांदे सोडा. हां. आता काही करू नका." "नाही जमत," ती दात खाऊन म्हणायची. "मलाही सुरुवातीला जड गेलं," तो म्हणायचा, आणि ती त्याच्याकडे असं बघायची की बिचारा टोपी ओढून घ्यायचा.

बाराव्या दिवशी शिंपी काठी टेकत फाटकापर्यंत आला. त्याने बाकासाठी जाड गादी शिवून आणली होती. तिने ती घेतली, बाजूला ठेवली, आणि तीनचार दिवस तिच्याकडे ढुंकून बघितलं नाही. मग एका सकाळी ती गादीवर बसलेली दिसली.

पानगळ सुरू झाली तेव्हा मात्र तिचा जीव कासावीस झाला. वरच्या झाडांची पानं तिच्यापुढे गळत होती, म्हणजे खालचीही गळत असणार. तिसऱ्या वळणाला किती साचली असतील याचा हिशोब तिच्या डोक्यात चालूच असायचा. शिंपी पानांवरून पडला नव्हता, हे तिला आता माहीत होतं, पण वीस वर्षांची भीती काय एका वाक्याने जाते? खाली उतरलेल्या प्रत्येक माणसाचा बिल्ला परत येईपर्यंत ती श्वास धरून असायची. कोणी लंगडताना दिसलं की उठून उभी. बहुतेक बुटात खडा गेलेला असायचा.

अशाच एका दुपारी, दोन दिवस पाऊस पडून गेल्यावर, एक जाडजूड पाहुणा धापा टाकत वर आला. पँटला चिखल, केसांत पान. त्याने बिल्ला तिच्या हातावर आपटला.

"काय हो ही वाट! वरून खालपर्यंत पानंच पानं. मुळं आडवी, गवत वाढलेलं. दोनदा अडखळलो मी."

गुडघे आपसूक ताठले, निम्मी उठली ती. खराटा घरी भिंतीला उभा होता. धावत गेली असती तर अंधार पडायच्या आत तिसरं वळण झालं असतं.

"लागलं का कुठे?" तिने विचारलं.

"लागलं नाही. पण लागलं असतं तर?"

"आणि पाणी?"

"पाणी काय, पाणी छान आहे. तळ दिसतो." पाहुण्याला पाण्याविषयी बोलायचं नव्हतं. तो घाम पुसत फाटकाकडे, बिल्ल्यांकडे, बाकावरच्या गादीकडे बघत म्हणाला, "इतके नियम करता, इतके बिल्ले लावता, आणि वाट सांभाळायला एक माणूस नाही तुमच्या गावात?"

"आहे ना," ती म्हणाली. "मी आहे. खालची अर्धी मी सांभाळते."

"तुम्ही?" तो मोठ्याने हसला. "मग दिवसभर तुम्ही करता काय मावशी?"

भिंगरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती परत गादीवर टेकली, आणि दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरली.

"बसते," ती म्हणाली.